आतले कारण, बाहेरचे कारण : एका विज्ञानमालिकेच्या रसिकांविषयी

साहित्याच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने 'हे पात्र असे वागलेच नसते' असे म्हटले, की आपण बहुधा त्याला थांबवतो. पात्र म्हणजे हाडामांसाचे माणूस नव्हे, ती शब्दांनी घडविलेली रचना आहे. तिला संहितेबाहेर आयुष्य नाही. तेव्हा संहितेत ती जशी वागली त्याहून वेगळी कशी वागली असती, हा प्रश्नच अप्रस्तुत होय, असे आपण त्याला समजावतो. हे शिक्षण आवश्यक आहे, यात वाद नाही. व्यक्तिरेखाटन हाच माझ्या प्रबंधाचा विषय असल्यामुळे पदव्युत्तर वर्गांना हा मुद्दा मी गेली अनेक वर्षे सांगत आले आहे व पुढेही सांगेन. तथापि ज्या वाक्यापाशी आपण विद्यार्थ्याला थांबवतो, नेमक्या त्याच वाक्यापासून सुरू होणारी आणि पुष्कळदा आपल्या चर्चासत्रांहून अधिक काटेकोर होत जाणारी अशी एक चर्चा वर्गाबाहेर चालू असते. दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांचे चाहते ती करतात. 'चाहते' हा शब्द आपल्या समीक्षाव्यवहारात किंचित तुच्छतेने उच्चारला जातो. प्रस्तुत लेखात मी तो 'रसिक' या शब्दाच्या शेजारी ठेवणार आहे.

या चर्चेशी माझा परिचय झाला तो आमच्याच गावातील एका लहानशा मंडळामुळे. पदार्थविज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक, एक बँक अधिकारी, माझे दोन माजी विद्यार्थी आणि मी, असे पाच जण सुमारे तीन वर्षे रविवारी सायंकाळी सरांच्या घरी जमत असू. मालिकेचे एक-दोन भाग पाहायचे आणि जेवणवेळेपर्यंत त्यांवर बोलायचे, एवढाच कार्यक्रम. वाङ्मयाची रीतसर पदवी आम्हा तिघांकडे होती. चर्चेची सूत्रे मात्र बहुधा उरलेल्या दोघांकडे असत. सरांनी ही मालिका पूर्वी दोनदा पाहिली होती, आणि पुढे काय घडते हे न सांगण्याचा त्यांचा निग्रह एखाद्या व्रतस्थासारखा होता.

मालिका होती 'बॅबिलॉन फाइव्ह'. तिचा प्रास्ताविक चित्रपट १९९३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत दाखविला गेला, नियमित प्रक्षेपण जानेवारी १९९४ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये ती संपली. पाच पर्वे, एकशे दहा भाग. त्यांपैकी ब्याण्णव भाग निर्माता जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की याने एकट्याने लिहिले. तिसरे व चौथे पर्व तर संपूर्णपणे त्याचेच. तेविसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक प्रचंड अंतराळस्थानक, त्यावरील अडीच लाख रहिवासी, पृथ्वी, मिनबारी, सेंटॉरी, नार्न व व्हॉर्लॉन या पाच सत्तांचे प्रतिनिधी आणि त्यांच्यातील युद्ध टाळण्याचा हळूहळू फसत जाणारा प्रयत्न, असा तिचा विषय आहे. त्या काळच्या बहुतेक विज्ञानमालिकांत भाग संपताना सारे पूर्ववत होत असे. पुढच्या आठवड्यात कोणाच्याही अंगावर मागच्या आठवड्याचा ओरखडा नसे. स्ट्रॅझिन्स्कीने मात्र आदि, मध्य व अंत आधीच ठरविलेली, पाच वर्षे चालणारी एक कादंबरीच दूरचित्रवाणीसाठी योजली. पहिल्या वर्षी सहज उच्चारलेले वाक्य तिसऱ्या वर्षी फळते, हे एकदा कळल्यावर प्रेक्षक प्रत्येक वाक्य जपून ठेवू लागला. चाहत्यांच्या चर्चेला जी सूक्ष्मता आली, ती अशी रचनेनेच त्यांच्याकडून मागून घेतली.

आता त्यांच्या परिभाषेविषयी. कथानकातील एखादी विसंगती दिसली, की चाहते तिचे दोन प्रकारांनी स्पष्टीकरण करतात, आणि या दोन प्रकारांना त्यांनी शेरलॉक होम्सच्या कथांवरून नावे दिली आहेत. डॉक्टर वॉटसनची युद्धातील जखम १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये खांद्याला आहे; १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये ती पायाला आहे. असे का? वॉटसनला दोन जखमा झाल्या असतील, किंवा एक जखम सांगणे त्याला संकोचाचे वाटले असेल, हे झाले वॉटसनीय स्पष्टीकरण : कथेच्या जगात उभे राहून दिलेले. कॉनन डॉयल आधी काय लिहिले ते विसरला, हे झाले डॉयलीय स्पष्टीकरण : कथेच्या बाहेर, लेखकाच्या टेबलापाशी उभे राहून दिलेले. आमच्या मंडळात बँक अधिकाऱ्यांनी या दोन लांबलचक नावांऐवजी 'आतले कारण' आणि 'बाहेरचे कारण' असे म्हणायला सुरुवात केली व तेच रूढ झाले.

ही विभागणी ऐकताच मला ती ओळखीची वाटली. सीतात्यागाचा प्रसंग कीर्तनकार सांगतो तेव्हा तो आतले कारण देतो : राजधर्म, लोकापवाद, रामाच्या मनातील घालमेल. पाठसंशोधक त्याच प्रसंगाकडे वळतो तेव्हा बाहेरचे कारण देतो : उत्तरकांड हे मागाहून जोडलेले असावे. आपल्याकडे कीर्तनकार आणि पाठसंशोधक एका माणसात क्वचितच नांदतात. इरावती कर्वे यांचा 'युगान्त' (१९६७) मला नेहमी विलक्षण वाटतो तो याच कारणाने. भांडारकर संस्थेची संशोधित आवृत्ती हाती ठेवून त्या 'हा भाग नंतरचा असेल का?' असेही विचारतात, आणि त्याच लेखात कुंतीवर, भीष्मावर, कर्णावर एखाद्या सख्ख्या नातलगासारख्या रागावूही शकतात. परंतु 'युगान्त' हा अपवाद. एरवी आपल्या विभागांतून हे काम वाटून दिलेले आहे. रूपवादी समीक्षकाने बाहेरच्या कारणाला मज्जाव केला; समाजशास्त्रीय समीक्षकाने आतल्या कारणाला भाबडेपणा ठरविले. 'बॅबिलॉन फाइव्ह'चे चाहते मात्र दोन्ही कारणे दोन हातांत धरतात आणि एकाने दुसऱ्याला गिळू देत नाहीत. 'लेखक विसरला' असे म्हणणे त्यांच्या चर्चेत हरणे समजले जाते. ते खरे असले तरी. आणि उलट, बाहेरचे कारण माहीत असूनही न सांगणे ही लबाडी समजली जाते.

लोंडो मोलारी आणि जकार या दोन व्यक्तिरेखांवर ही रीत किती दूरवर जाते, ते सांगण्याजोगे आहे. लोंडो हा सेंटॉरी साम्राज्याचा राजदूत. साम्राज्य उतरणीला लागलेले. त्याचा राजदूत मद्यपी, जुगारी, पंखा उघडावा तसे केस उभारलेला, जवळजवळ विदूषक. जकार हा नार्न राजदूत. नार्न हे एके काळी सेंटॉरींचे गुलाम. आता स्वतंत्र आणि सूडाने पेटलेले. प्रास्ताविक चित्रपटात खलनायक कोण, असे विचारले तर कोणीही जकारकडे बोट दाखवील. पाच वर्षांनंतर जकार द्रष्टा झालेला आहे आणि लोंडोच्या हातून एका संपूर्ण लोकसमूहाचा विध्वंस घडलेला आहे. पीटर जुरासिक व अँड्रियास कॅट्सुलास या दोन नटांनी हे केले आहे, आणि कॅट्सुलासने तर ते मुखवट्याच्या आणि रंगाच्या जाड थरांखालून केले आहे, हेही नोंदवायला हवे.

'बदल' हा शब्द येथे पुरेसा आहे का, यावर आमचा पहिला मोठा वाद झाला. माझ्या एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे, की लेखकाने विदूषकाचा खलपुरुष केला, कारण त्याला युद्ध हवे होते. हे बाहेरचे कारण. बँक अधिकाऱ्यांना ते मुळीच मान्य नव्हते. त्यांनी पहिल्या पर्वातील लोंडोचे विनोद एकेक करून आठवले आणि दाखवून दिले, की त्यांतील बहुतेक विनोद गतवैभवाविषयीचे आहेत. मॉर्डन नावाचा हसतमुख गृहस्थ राजदूतांना गाठून 'तुम्हाला काय हवे?' एवढाच प्रश्न विचारतो, तेव्हा लोंडो आधी टाळाटाळ करतो आणि मग एकाएकी मनातले सारे ओकतो : साम्राज्याचे जुने दिवस परत हवेत. "हा माणूस इतके दिवस हसवत होता ते रडू येऊ नये म्हणून," असे ते म्हणाले. "धक्का बसला पाहिजे, आणि बसल्यावर वाटले पाहिजे की हे आपल्याला आधीच दिसत होते." फॉर्स्टरने १९२७ मध्ये गोलाकार व्यक्तिरेखेची जी कसोटी सांगितली, ती या गृहस्थांनी फॉर्स्टरचे नावही न ऐकता, आणि मला वाटते थोड्या अधिक नेमकेपणाने, सांगितली.

या वक्राचा कळसबिंदू बहुतेक चाहते १९९५ च्या 'द कमिंग ऑफ शॅडोज' या भागात पाहतात; या भागाला पुढील वर्षी ह्यूगो पारितोषिक मिळाले. वृद्ध सेंटॉरी सम्राट नार्नांची क्षमा मागण्यासाठी स्थानकावर येतो आणि ती मागण्यापूर्वीच कोसळतो. लोंडोने तोवर मॉर्डनच्या अदृश्य मित्रांकरवी एका नार्न वसाहतीवर हल्ला योजलेला आहे. सम्राटाचा निरोप जकारपर्यंत पोहोचतो. आयुष्यात प्रथमच त्याच्या मनात आशा उगवते, आणि तो लोंडोला शोधत येऊन त्याला पेय देऊ करतो. हल्ला तिकडे सुरू झालेला आहे. लोंडोला ते ठाऊक आहे, जकारला नाही, आपल्याला आहे. लोंडो तो पेला नाकारू शकत नाही. नाट्यगत उपरोधाचे उदाहरण म्हणून आपण 'राजा ईडिपस' शिकवतो. हे उदाहरण त्याच्या शेजारी ठेवण्यास मला संकोच वाटत नाही.

आणि रचनायुक्ती? येथे मुख्य युक्ती भविष्यदर्शनाची आहे. नियमित मालिकेच्या पहिल्याच भागात लोंडो सांगून टाकतो, की सेंटॉरींना आपला मृत्यू स्वप्नात दिसतो, आणि त्याला दिसले आहे ते असे : वीस वर्षांनंतर तो आणि जकार एकमेकांचा गळा आवळून मरत आहेत. शेवट पहिल्याच दिवशी सांगितला. उत्कंठेवर जगणाऱ्या माध्यमात हे दिवाळखोरीचे लक्षण मानले गेले असते. परंतु तिसऱ्या पर्वात हा क्षण आपण प्रत्यक्ष पाहतो तेव्हा चित्र तेच असते आणि अर्थ सर्वस्वी उलटलेला असतो. सम्राट झालेल्या लोंडोच्या खांद्यावर एक परोपजीवी प्राणी त्याच्यावर पहारा करीत आहे. मद्याने तो क्षणभर निद्रिस्त होतो, आणि तेवढ्या वेळात लोंडो आपल्या जुन्या शत्रूला, आता मित्राला, स्वतःचा जीव घेण्याची विनंती करतो. प्राणी जागा होतो. म्हणून दोघेही मरतात. जे द्वेषाचे चित्र म्हणून आपण तीन वर्षे मनात बाळगले, ते करुणेचे निघते. आपल्याकडे शापवाणीची आणि उःशापाची परंपरा मोठी आहे. शापाचे शब्द न बदलता त्यांचा आशय बदलणे, हा त्या परंपरेतील सर्वांत अवघड प्रकार. तो येथे साधला आहे.

भविष्यवाणीची दुसरी युक्ती इतकी यशस्वी नाही, असे माझे मत आहे; पण चाहत्यांना तीच अधिक प्रिय. १९९६ च्या एका भागात दिवंगत सम्राटाची पत्नी लोंडोला सांगते, की विनाशातून सुटण्याच्या तीन संधी अजून उरल्या आहेत : न पाहणाऱ्या डोळ्याला वाचव, आधीच मेलेल्याला मारू नकोस, आणि तरीही चुकलास तर तुझा नाश करील हे जाणून तुझ्या सर्वांत मोठ्या भयाला शरण जा. न पाहणारा डोळा कोणता? वेड्या सम्राटाने काढून घेतलेला जकारचा, की 'डोळा' या नावाचे सेंटॉरींचे ते प्राचीन राजचिन्ह? आधीच मेलेला कोण : मॉर्डन, की मरून परतलेला शेरिडन? या तीन वाक्यांनी आमचे तीन रविवार घेतले. सरांनी चक्क तक्ता केला. कोणताही एक अर्थ लावला की एखादा धागा लोंबकळत राहतो, हे त्या तक्त्यावरून दिसले. कूट सुटत नाही हे त्याचे वैभव, असे सर म्हणत. मला ते कूटकर्त्याने स्वतःसाठी ठेवलेले मोकळे अंगण वाटते. मात्र या वादात एक गोष्ट घडली. लोंडोला संधी होत्या की नव्हत्या, यावर त्याची कथा शोकात्मिका आहे की शिक्षा, हे अवलंबून आहे, हे वादाच्या ओघात कोणीही न शिकवता सगळ्यांना उमगले.

येथवर आतल्या कारणाचे राज्य होते. ज्या प्रसंगाने बाहेरचे कारण आमच्या खोलीत येऊन बसले, तो प्रसंग सिंक्लेअरचा.

पहिल्या पर्वात स्थानकाचा प्रमुख जेफ्री सिंक्लेअर आहे. मायकेल ओहेअर या नटाने ही भूमिका केली. दुसरे पर्व उघडते तेव्हा तो नाही. त्याला मिनबारींच्या ग्रहावर राजदूत म्हणून पाठविल्याचे कळते आणि शेरिडन नावाचा नवा प्रमुख येतो. पाच वर्षांची कादंबरी, आणि पहिल्याच वर्षाअखेर नायक गायब. स्ट्रॅझिन्स्कीने प्रत्येक प्रमुख व्यक्तिरेखेसाठी कथानकात एक चोरदरवाजा करून ठेवला होता, हे चाहत्यांना पुढे कळले : नट सोडून गेला तरी इमारत कोसळू नये यासाठी. प्रास्ताविक चित्रपटातील मनोवेधी स्त्री लिटा अलेक्झांडर गेली, तिच्या जागी टॅलिया विंटर्स आली. टॅलियाही गेली तेव्हा लिटा परत आली. हे दरवाजे उघडता-मिटताना ऐकू येणारा कुरकुर आवाज, हा चाहत्यांच्या चर्चेचा आवडता विषय आहे. सिंक्लेअरचा दरवाजा सर्वांत मोठा. तिसऱ्या पर्वातील 'वॉर विदाउट एंड' या दोन भागांत तो परततो, 'बॅबिलॉन फोर' हे हरवलेले स्थानक घेऊन हजार वर्षे भूतकाळात जातो आणि मिनबारींचा आद्य पुरुष व्हॅलेन होतो. पहिल्या पर्वात दाखविलेला वृद्ध सिंक्लेअर, मिनबारींनी जिंकत आलेले युद्ध अचानक का थांबविले हे रहस्य, असे जुने खिळे या नव्या फळीत बऱ्याच अंशी बसतात. काही किंचित वाकडे बसतात.

आमच्या मंडळातील धाकटा विद्यार्थी पहिल्या पर्वापासून ओहेअरवर नाराज होता. हा नट लाकडी आहे, संवादांमध्ये कुठेतरी अडकतो, त्याला काढला हे बरेच झाले, असे तो दर रविवारी म्हणे, आणि त्याची नक्कलही करी. सर ऐकून घेत. 'वॉर विदाउट एंड' पाहून झाल्यावर त्यांनी सांगितले ते असे. पहिल्या पर्वाचे चित्रीकरण चालू असतानाच ओहेअर गंभीर मानसिक आजाराने ग्रस्त झाला होता. त्याला भास होत. स्ट्रॅझिन्स्कीने उपचारांसाठी चित्रीकरण काही महिने थांबविण्याची तयारी दाखविली. त्यामुळे मालिका बंद पडेल आणि बाकीच्यांच्या नोकऱ्या जातील म्हणून ओहेअरने ते नाकारले आणि पर्व कसेबसे पुरे केले. पुढे उपचारांनी काहीसा आराम पडल्यावर तो परतला आणि त्याच्या व्यक्तिरेखेचा वक्र पूर्ण झाला. हे गुपित मी मरेपर्यंत जपेन, असे स्ट्रॅझिन्स्कीने त्याला म्हटले. त्यावर ओहेअरने सांगितले, की तुझ्या नव्हे, माझ्या मरेपर्यंत जप. नंतर ते लोकांना सांग, कोणाला तरी त्याचा उपयोग होईल. ओहेअर २०१२ मध्ये वारला. २०१३ मध्ये स्ट्रॅझिन्स्कीने ही हकीकत जाहीरपणे सांगितली. मधल्या काळात चाहते तर्क करीत राहिले, आणि लेखक त्यांना खरे कारण देऊ शकत असूनही देत नव्हता.

खोलीत कोणी काही बोलले नाही. नंतर त्या विद्यार्थ्याने पहिले पर्व पुन्हा पाहण्याचा आग्रह धरला. काही भाग आम्ही पाहिले. आता त्याला प्रत्येक अडखळण्यात आजार दिसू लागला. सिंक्लेअर ही व्यक्तिरेखाच मुळी स्वतःच्या स्मृतीविषयी साशंक असलेल्या माणसाची आहे. युद्धातील चोवीस तास त्याच्या मनातून पुसले गेले आहेत, आणि एका संपूर्ण भागात शत्रू त्याला त्याच्याच मनाच्या आत कोंडून त्याची उलटतपासणी घेतात. "म्हणजे तो अभिनय करतच नव्हता," असे विद्यार्थी म्हणाला. त्याच्या स्वरात पश्चात्ताप होता आणि आदरही. तरीही या ठिकाणी मी त्याला विरोध केला. कालपर्यंत त्याने त्या नटाला लाकूड म्हटले. आज तो त्याचे नटपणच काढून घेत होता. जे त्या माणसाने आजाराशी झुंजत, जाणीवपूर्वक, कसब वापरून केले, ते आजाराच्या खाती जमा करणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय. बाहेरचे कारण आतल्या कारणाला गिळते ते असे, आणि बहुधा सहानुभूतीच्या रूपाने गिळते. कवीचे आजारपण, लेखिकेचे वैधव्य, कादंबरीकाराचे कर्ज यांच्याबाबतीत आपला चरित्रात्मक समीक्षेचा व्यवहार हेच करीत आला आहे. पत्रे आणि रोजनिशा हाती आल्या, की कवितेतील प्रतिमांना जखमेच्या खुणा समजून मोजायला आपण बसतो.

मग बाहेरच्या या कारणाने बदलले काय? सिंक्लेअर बदलला नाही. पडद्यावर जे होते ते तेच आहे. बदलला तो त्या चोरदरवाजाकडे पाहण्याचा माझा दृष्टिकोन. रचनायुक्तीची समीक्षा करताना आपण दोनच प्रश्न विचारतो : ती आवश्यक आहे का, आणि तिचे सांधे दिसतात का. ॲरिस्टॉटलपासून हेच. कथानकाची उकल कथानकातूनच व्हावी, यंत्रातून उतरणाऱ्या देवाकडून नव्हे, असे त्याने बजावले, आणि ते योग्यच आहे. परंतु येथे सांधा दिसतो आणि तो दिसण्याचे कारण असे, की लेखकाने नायकाला पडद्याआड मारून मोकळे होण्याऐवजी त्याची जागा राखून ठेवली. त्याला मारणे सोपे होते; मालिकांत ते रोज घडते. त्याऐवजी एका व्यक्तिरेखेला हजार वर्षे मागे पाठवून एका समाजाचा आद्य पुरुष करण्यात आले, आणि आजारी माणसाला परत येऊन तिची कथा पुरी करता आली. मिनबारींच्या इतिहासात सिंक्लेअर आधीपासूनच आहे, हे कथेतील सत्य. त्याच्यासाठी जागा राखली गेली, हे कथेबाहेरचे सत्य. या दोहोंतील साम्य योजलेले असेल किंवा नसेल. ते मला दिसते, आणि त्याला सौंदर्य म्हणावे की आणखी काही, यासाठी आपल्या परिभाषेत मला शब्द सापडलेला नाही. 'औचित्य' हा क्षेमेंद्राचा शब्द जवळचा वाटतो. पण क्षेमेंद्राच्या डोळ्यांपुढे काव्य होते, त्या काव्यात काम करणाऱ्या माणसाची प्रकृती नव्हती.

या सगळ्याचा अर्थ मालिकेला सर्व काही माफ आहे, असा मात्र नाही. चौथ्या पर्वात ती वाहिनीसमूह कोसळण्याच्या भीतीने घाईला येते. तीन वर्षे ज्याची चाहूल दिली ते महायुद्ध सहाव्या भागातच संपून जाते, आणि तेही दोन्ही महासत्तांना शेरिडनने दिलेल्या एका खडसावणीने. मेलेल्या शेरिडनला वीस वर्षांचे आयुष्य बहाल करणारा लोरियन हा विश्वातील आदिजीव म्हणजे ॲरिस्टॉटलने नावे ठेवलेला तोच यंत्रदेव. घाईचे बाहेरचे कारण मला ठाऊक आहे; त्याने लोरियन सुसह्य होत नाही. यावर सर आजही माझ्याशी भांडतात.

वर्गात या रीतीचा मी थोडाफार उपयोग करते. 'पण लक्षात कोण घेतो?' शिकवताना एखादी विद्यार्थिनी हमखास विचारते, की यमूला इतके बारीकसारीक तपशील, इतके संवाद शब्दशः आठवतात कसे? पूर्वीच्या पद्धतीने हा प्रश्न निवेदनसंकेताच्या एका वाक्यात मिटवता येतो. आता मी तो आधी आतून सोडवायला सांगते : जिचे ऐकून घेणारे कोणीच नव्हते, ती बाई काय काय साठवून ठेवील? त्यावर वर्ग बोलू लागतो, आणि वर्षानुवर्षे न बोलणाऱ्या मुली बोलू लागतात. मग बाहेरून : हरिभाऊंचे 'करमणूक', दर आठवड्याला छापावयाचा मजकूर, १८९० चा वाचक. दुसरे उत्तर पहिल्याला खोटे पाडत नाही, हे त्यांना सांगावे लागत नाही.

मालिकेचा अंतिम भाग, 'स्लीपिंग इन लाइट', आम्ही एका श्रावणातल्या पावसाळी रविवारी पाहिला. त्यात इव्हानोवा आहे, जी पाचव्या पर्वात कुठेच नाही. कारण पाचवे पर्व मिळेल याची खात्री नसल्यामुळे हा भाग चौथ्याच्या अखेरीस चित्रित करून ठेवला होता आणि मधल्या काळात ती अभिनेत्री सोडून गेली. आतले कारण तयार आहेच : वीस वर्षांनंतर जुनी माणसे निरोपाला जमली आहेत. तिकडे आता कोणाचे फारसे लक्षही नव्हते. स्थानक रिकामे केले जात आहे. शेवटचा एक तंत्रज्ञ नियंत्रणकक्षात थांबतो, सभोवार एकदा पाहतो, आणि दिवे बंद करून निघून जातो. हा तंत्रज्ञ म्हणजे खुद्द स्ट्रॅझिन्स्की, हे सरांनी सांगितले.

"मग तो लेखक आहे," धाकटा विद्यार्थी म्हणाला.

"तो तंत्रज्ञ आहे," बँक अधिकारी म्हणाले. "एवढे मोठे स्थानक; दिवे कोणीतरी बंद करायला नकोत का?"

सरांनी तो प्रसंग पुन्हा लावला.